त्या दुपारी स्क्रीनवर काय होतं

वहिनी: पुन्हा तेच काय दाखवतेस मला? लाल अक्षरात लिहिलंय, पेनिसिलिन चालत नाही. चौकशी समितीनंही हेच दाखवलं. मी न बघता माझ्या वॉर्डातल्या त्या आजोबांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, ते गेले. विषय संपला.

नणंद: हे आजचं आहे, वहिनी. समितीनंही पेशंटच्या नोंदींचा नंतरचाच डेटाबेस उघडला. मला त्या दुपारचा बघायचाय.

वहिनी: गेलेली दुपार कुठून आणणार तू?

नणंद: आणता येते. तुमच्या हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर आमचीच कंपनी सांभाळते, आमच्याकडे प्रत्येक बदलाआधीचं सगळं जपलेलं असतं. तारीख आणि वेळ टाकली की डेटाबेस तेव्हा जसा होता तसं उत्तर देतो. इंजेक्शन कधी दिलंस?

वहिनी: दोनच्या राउंडला. पण कशाला उकरून काढतेस? मी चूक कबूल करून सही दिलीय. तुझा भाऊसुद्धा म्हणाला, दमली असशील, नजर चुकली असेल. आता मलाही तसंच आठवतं.

नणंद: दादाला काय कळतंय त्यातलं. थांब जरा… हे काय?

वहिनी: काय झालं?

नणंद: अ‍ॅलर्जी नावाचा कॉलमच नाही म्हणतंय. माझीच वेळ चुकली असेल. परत टाकते.

वहिनी: कॉलम नाही म्हणजे काय गं?

नणंद: परत तेच. वहिनी, नुसती माहिती गायब नव्हती, ती ठेवायची जागाच नव्हती. ही बघ पेशंटच्या तक्त्याची त्या वेळची रचना. नाव, वय, वॉर्ड, रक्तगट. बस. सकाळी कॉलम आहे, संध्याकाळी आहे, मध्ये नाही.

वहिनी: मला काही समजत नाहीये. सावकाश सांग.

नणंद: आमच्याच लोकांनी भर दिवसा रचना बदलली. जुना कॉलम आधी काढून टाकला, नवा संध्याकाळी जोडून माहिती परत भरली. तोवर तुमच्या स्क्रीनवर नुसतं ‘नोंद नाही’ येत असणार.

वहिनी: हेच. हेच दिसलं होतं मला. आजोबा शुद्धीत नव्हते, म्हणून मी दोनदा बघितलं.

नणंद: बघितलं होतंस तू.

वहिनी: पहिल्या दिवशी मी घसा फोडून सांगत होते गं. मग जो तो ती लाल अक्षरं दाखवायला लागला, आणि मी माझ्याच डोळ्यांना खोटं ठरवलं. बसू दे मला.

नणंद: पाणी घे. मी हे आत्ताच समितीपुढे नेते. आमचे साहेब मला घरी बसवतील, बसवू देत. त्या दुपारच्या बाकीच्या पेशंटचंही बघायला हवं. आणि आजोबांच्या मुलीला कळवायला हवं.

वहिनी: तिचे पाय धरले होते मी. पहिल्यांदा तिनं दार लावून घेतलं. परवा स्वतः घरी आली, मला जवळ घेऊन म्हणाली, माफ केलं.

नणंद: मग तिला आता बरंच वाटेल ना, तुझी चूक नव्हती हे ऐकून?

वहिनी: कसलं बरं वाटतंय. मोठ्या मुश्किलीनं तिचा राग गेला होता. आता बिचारीला नव्यानं कुणावर तरी रागवावं लागणार.