बारा पानं आणि एक चाक

नाही, पण फुटपाथला इतकी धार कशाला लागते, हे मला कोणीतरी सांगा. माणसांनी चालायचं ना त्याच्यावर? मग कडेला असा सुरीसारखा दगड... आणि मी काही वेगात नव्हते हो. दातांच्या डॉक्टरांच्या दारात गाडी लावत होते, इतकी हळू, की काठी टेकत चाललेले एक आजोबा मला मागे टाकून गेले. आणि तेवढ्यात खर्रर्र. मला आधी वाटलं, आत डॉक्टरांनी कोणाची तरी दाढ धरली. उतरून बघते तर माझंच चाक. पुढचं. ते चकचकीत अलॉयचं असतं ना, त्याची अर्धी कड खिसणीवर धरल्यासारखी खरवडलेली. पण चाक फिरत होतं बरं का. गोल होतं, फिरत होतं. चाकाकडून माणसाची आणखी काय अपेक्षा असते?

आमच्या ह्यांची असते. तुम्हाला सांगते, हा माणूस दर रविवारी टूथब्रशने चाकं घासतो. जुन्या ब्रशने, असं तो म्हणतो. त्या ब्रशने मी शनिवारी दात घासलेले असतात. अशा माणसाने तीन महिन्यांपूर्वी गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर माझ्यासाठी टांगली, तीही अट घालून. "हे बघ, एक ओरखडा दिसला की किल्ली परत माझ्या खिशात. मग कुठे जायचं ते सांगायचं, मी सोडेन." आता तुम्ही हसाल, पण चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी कोणाला न सांगता घराबाहेर पडत होते. जात कुठे होते, तर साबण आणायला. पण साबण घरात असताना आणायला. ती मजा वेगळी असते.

नशीब एवढंच, की हे चार दिवस ऑफिसच्या कामाला बाहेरगावी. मी तशीच चाकवाल्याकडे. त्याने चाकाकडे असं बघितलं, जसं काही मी त्याला रिपोर्ट दाखवायला आणलेत. "ताई, चारही बदला."

"अहो, ओरखडा एकाला आहे."

"एक नवं घातलंत, की बाकीची तीन म्हातारी दिसतात."

हे मला पटलं. धाकटी बहीण फोटोत शेजारी उभी राहिली की माझं तेच होतं. पण त्याने सांगितलेल्या आकड्यात मी बहीणसुद्धा बदलून आणली असती. म्हटलं, राहू दे, फिरतंय ना? गोल आहे, फिरतंय.

मग गेले हार्डवेअरच्या दुकानात. तो दुकानदार देवमाणूस. पॉलिशपेपर, पुट्टी, चंदेरी स्प्रेचा डबा, सगळं एका पिशवीत, चाकवाल्याच्या आकड्याच्या चिमूटभर भावात. म्हणाला, "धुवा, घासा, पुट्टी भरा, वाळू द्या, परत घासा, मग रंग. आणि टायरवर टेप चिकटत नाही बरं का. टायर आणि चाकाच्या मध्ये पत्ते खोचा. खेळायचे. रंग पत्त्यांवर पडतो, टायर काळंच राहतं."

पत्ते आमच्या घरात एकाच माणसाकडे. सासरे. दुपारी एकटेच मांडून बसतात, रात्री जेवणं झाली की मुलाबरोबर रमी, आणि झोपायच्या आधी जोड नीट लावून ठेवतात. राजे वर, एक्के तळाला. ते दुपारी जरा पडले, तशी मी वरची बारा पानं उचलली. चार राजे, चार राण्या, चार गुलाम. घासून घासून हाताची सालं गेली होती, पुट्टी केसांत वाळली होती... आणि स्प्रे हातात धरला तर समोर राण्या माझ्याकडे बघतायत. बाईच्या तोंडावर रंग मारायचा? मला नाही जमलं. सगळी पानं उलटी केली, तोंडं टायरकडे, पाठ माझ्याकडे. आणि मारला फवारा. मनाने चांगलं असणं, हेच माझं दुखणं आहे.

चाक मात्र असं झालं म्हणून सांगू... मी त्यात स्वतःचं तोंड बघितलं. पुट्टीसकट. पानं पुसून जागेवर ठेवली. पाठीवर कडेला जरा चंदेरी राहिलं होतं, पण कोण बघतंय?

हे आले. बॅगसुद्धा न ठेवता गाडीभोवती चक्कर. पुढच्या चाकाशी थांबले, वाकले. म्हणाले, "अगं, एकच चाक धुतलंस? बाकीच्या तिघांनी काय पाप केलंय?"

सुटले की नाही मी? नाही सुटले. त्या रात्रीपासून बाबा रमीत जिंकायला लागले. एक डाव, दोन डाव, आठवडाभर रोज. हे वैतागलेले. गाडीवर बसलेली माशी ह्यांना खिडकीतून दिसते, हातातल्या पत्त्याची पाठ दिसत नाही. आठव्या दिवशी मी भांडी आवरतेय, तर आतून आवाज. "सूनबाई, जरा ये."

गेले. पलंगावर बारा पानं पालथी मांडलेली. प्रत्येकाला चंदेरी कड. बाबा म्हणाले, "चाक छान जमलंय हो."

मी पदर... ओढणी... जे हाताला लागेल ते तोंडाला लावलं. "बाबा, ह्यांना सांगू नका. किल्ली जाईल."

"छे छे. किल्ली खुंटीवरच राहील. एवढंच, की चित्रं कळतात, एक्के कळत नाहीत. त्याची जरा पंचाईत होते."

मी म्हटलं, एवढंच ना, डब्यात रंग उरलाय, आत्ता चार पानांवर मारून आणते. तर बाबांचा चेहरा एकदम गंभीर. "नुसता रंग मारायचा? ही लबाडी झाली. पत्त्यांत मी आयुष्यात लबाडी केलेली नाही. चाकाच्या कामात लागला, तर तो भाग वेगळा."

मी खुंटीवरून किल्ली काढली.

तर मी निघालेय. मागचं चाक अजून धड आहे. बाबा कधीच खाली जाऊन, पट्टा बांधून, गाडीत शेजारच्या सीटवर बसलेत. फुटपाथ ते दाखवणार आहेत.