बोट बाहेर काढताना

बाळांनो, समजा मिनेसोटातल्या तळ्याकाठी, बर्फ पडायच्या आत बोटी बाहेर काढायला रांग लागली आहे. रांगेतल्या पहिल्याच गाडीत बसलेली सोल्वेग ऐकते आहे. पुढे म्हातारा हार्लन गाडीला जोडलेला, बोट चढवायचा ट्रेलर पाण्यात मागे घेतो आहे. त्याची बायको व्हर्ना सपाट पाँटून बोट चालवते आहे.

“सरळ आण, व्हर्ना!”

“तीस वर्षं सरळच आणतेय. तुझाच ट्रेलर वाकडा असतो.”

“उद्या बोटीच्या नव्या मालकाला सांग ते.”

“पोरं हिच्याच कठड्यावरून उड्या मारायला शिकली रे.”

“ठाऊक आहे मला.”

“मग एक शेवटची फेरी मारूया?”

“मागे सात गाड्या खोळंबल्यात, बाई!”

“कुणी हॉर्न वाजवलाय?”

“आपल्याकडे वाजवतं कोण? मनातल्या मनात शिव्या घालतात.”

सोल्वेग खाली उतरली आणि मागच्या प्रत्येक गाडीला सांगत गेली, “इंजिन बंद करा, आजी-आजोबा फेरी मारून येताहेत.”