शिट्टी वाजते कुठे?

मेंदूचा आलेख काढायच्या खोलीबाहेर एक शिवणकाम करणारी बाई नंबराची वाट बघत होती. शेजारी छापखान्यातून निवृत्त झालेला यंत्रचालक आणि त्याची बायको बसली होती. त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे दोघांचं बोलणं सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"शिट्टी कानात नाही म्हणाले."

"सहा वर्षांपूर्वीच मी तेच सांगितलं होतं. मनाचे खेळ आहेत तुमच्या."

"पुरतं ऐक तरी. यंत्रांनी कान बधिर केले. आता मेंदूला आवाज कमी पोचतो, म्हणून तो स्वतःच वाजवत बसतो, असा त्यांचा अंदाज आहे."

"आणि ते आलेखात दिसतं?"

"माझ्यासारख्या चाळीस जणांचे आलेख काढलेत. बऱ्याच जणांच्या लहरी वेगळ्या आहेत. माझ्याही."

"म्हणजे खरंच वाजतं तुम्हाला?"

"वाजतं."

"आत्तासुद्धा?"

"आत्ता कमी आहे. तू बोलतेयस ना."

"अहो, तुम्ही डोकं धरून बसायचात. मला वाटलं, माझ्या बडबडीचा त्रास होतो. म्हणून तर मी तोंड मिटलं."

"मला वाटलं, रुसलीस."

"सहा वर्षं?"

"तुझा काय नेम!"

शिवणकाम करणाऱ्या बाईचा नंबर पुकारला. ती पिशवी सावरत उठली. मागे यंत्रचालकाच्या बायकोचं बोलणं चालूच होतं.

"धाकट्या जाऊबाई घर सोडून का गेल्या, तेही मग तुम्हाला ठाऊक नसेल."

"कधी गेली?"

"झाली की पाच वर्षं."

"सांग."