आप्पाच्या शेळ्या आन् माझं जुनं पास्कल

आमी मूळचे जळकोटचे, शेळ्यांमागं हिंडणारं घर आमचं, आन् त्या घरातनं कॉलेजात गेलेली मी पहिली, तेबी पार सोलापूरला, हे आधीच सांगून टाकते, म्हंजे पुढं म्या काय काय उद्योग केले त्याचं तुम्हाला नवल वाटायचं न्हाय. आता पन्नाशी उलटली, नळदुर्गात एका शाळेत संगणकाची खोली सांभाळते, पोरं मॅडम म्हणतात, घरात अजून अक्काच. धाकटा भाऊ बिरू गावात शेळ्या राखतो, त्यानं चौथीतनंच शाळा सोडली. आप्पा, म्हंजे आमचे वडील, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

मला लहानपणापासनं एकच खोड, वस्तू आतनं कशी चालते ते बगायचं. आप्पाचा रेडिओ दोनदा उघडला, पहिल्यांदा तो बंद पडला, दुसऱ्यांदा मार पडला. सोलापूरला संगणकाच्या क्लासात गेले तर तिथं पास्कल शिकवायचे, पास्कल म्हंजे प्रोग्राम लिहायची भाषा, निळा पडदा, पिवळी अक्षरं. आपण लिहायचं, कंट्रोल एफ नऊ दाबायचं आन् त्यानं ते करून दावायचं. लई येड लागलं बगा. बाकीच्या पोरी गुणाकाराचे पाढे छापत बसल्या, म्या म्हटलं मी शेळ्यांचं करते, तर सर हसले.

हसू द्या. आप्पाच्या डोक्यात सगळा कळप असायचा, कुठली शेळी कुणाची, तिची आई कोण, कितव्या वेताला दूध आटलं. पण ते डोक्यात, कागदावर काय न्हाय. म्या सुट्टीत बसून त्यांना विचारायचं, त्यांनी सांगायचं, आन् मी ते लिहून घेऊन सोलापूरला प्रोग्रामात भरायचं, शेळीचं नाव, आईचं, बापाचं, आन् शेवटी एक रिकामा रकाना, आप्पा जे बोलतील ते. सगळं इंग्रजी अक्षरात, मराठी कुठलं उमटतंय त्या पडद्यावर. आप्पा म्हणायचे, अक्के, ते डबडं माझ्यापेक्षा जास्त ध्यानात ठेवील का गं. म्या म्हटलं ठेवील की. पुढं लग्न झालं, नोकरी लागली, शाळेनं मोडीत काढलेला एक जुना संगणक म्या घरी आणला आन् तोच शेळ्यांचा प्रोग्राम त्याच्यावर चालवत राहिले. वर्षावर्षाला जळकोटला जायचं, नवी करडं लिहून आणायची, घरी येऊन भरायची. माझा नवरा म्हणायचा, लोक माहेराला साडीचोळीला जातात, ही शेळ्यांची खानेसुमारी करायला जाती.

आता मधी एक सांगावं लागंल. आमच्या घरात खंडोबाच्या नावानं बोकड सोडायची रीत हाय. दोन-चार वर्षांनी एक सोडायचा. सोडला की त्याला दावं न्हाय, तो गावभर हिंडणार, कुणाच्याबी रानात शिरणार, कुणी हाकलायचा न्हाय. आन् तो कुणाचा हुता ते बोलायचं न्हाय. आप्पा म्हणायचे, देवाला दिलं ते दिलं, त्याचं नाव आपल्या वहीत कशाला, खोड. मंग मी खोडायची. खोडायची म्हंजे काय, म्या त्या ओळीपुढं एक फुली ठेवायची, आन् प्रोग्रामाला सांगून ठेवलेलं, फुलीवाली ओळ दावू नको. पुढं त्या बोकडापासनं करडू झालं की बापाच्या रकान्यात नुसतं देव लिहायचं. एक बोकड म्हातारा झाला की दुसरा सोडायचा, त्यालाबी देवच. मी शिकलेली बाई, पण मला एकदाबी खटकलं न्हाय.

यंदा बिरूची करडं मरायला लागली. उभीच राहीनात, कुणाचे पाय वाकडे, दोन तर आंधळीच जन्मली. डॉक्टर बगून म्हणाले, रक्त जवळचं पडतंय, बोकड बदला. बिरू म्हणाला, बोकड कुठला बदलू, घरचा बोकड मी कवाच काढला, आता तर देवाचाच हाय, आन् देवाचा वाईट असतोय का. दोन दिवसांनी फोनवर मला म्हणाला, अक्का, हे असंच चाललं तर मी शेळ्या देऊन टाकतो आन् हायवेला धाब्यावर भांडी घासतो. आप्पाचा चाळीस वर्षांचा कळप, असा कसा जाऊ देऊ. म्या म्हटलं थांब, माझ्याकडं सगळं लिहिलेलं हाय, कोण कुणाची ते बगून सांगते.

आन् बगायला गेले तर जुना संगणक चालूच हुईना. पंखा फिरला, एक वास आला, संपलं. बरं, आतली डिस्क शाबूत हुती, ती काढून सगळं नव्या लॅपटॉपात घेतलं. शेळ्यांचा प्रोग्राम उघडला तर नवी विंडोज म्हणती, हे या संगणकावर चालणार न्हाय. नुसती फाईल उघडून बगितली, तर सगळा चौकोनांचा चिखल, मधीच एखाद्या शेळीचं नाव. म्हंजे कळप आत बसलाय आन् दार उघडंना. मला राग यायला पायजे हुता, पण खरं सांगू, मला मजा वाटायला लागली. का चालत न्हाय, ते तर कळू दे.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी खोलीतच बसायची, शोधायची, वाचायची. तवा कळलं की एक फुकटचा प्रोग्राम मिळतो, तो लॅपटॉपाच्या पोटात जुन्या संगणकाचं सोंग घेतो. तो घातला, आन् काळा पडदा आला बगा, तसाच, जुना. मला रडूच आलं. मंग माझी हाव, म्हटलं आता जोरात पळव, म्या त्याचा वेग लावला सगळ्यात वरचा. शेळ्यांचा प्रोग्राम सुरू केला आन् तो तिथंच पडला, म्हणतो चूक नंबर दोनशे, शून्यानं भागाकार.

भागाकार? म्या शेळ्यांना कुणी भागलंय? सगळा प्रोग्राम डोळ्यापुढं आणला, बेरीज हाय, भागाकार न्हायच. दोन शनिवार गेले ह्या एका चुकीत. शेवटी कुठंतरी वाचलं, अशी चूक लई लोकांना आलेली. पास्कल सुरू हुतानाच गुपचूप एक काम करतं, संगणक किती वेगाचा हाय ते मोजतं, मोजून भागतं. त्या काळचे संगणक सावकाश, आकडा बारका यायचा. आता आकडा एवढा मोठा येतो की भागाकाराचं उत्तर त्याच्या मापातच मावत न्हाय, आन् ते बिचारं शून्याच्या नावानं बोंबलतं. म्हंजे चूक माझी न्हाय, शेळ्यांची न्हाय, नवा संगणक लई पळतोय हीच अडचण. मी एकटीच खोलीत हसले. वेग कमी केला, आणखी कमी केला, आन् प्रोग्राम गपगुमान उघडला.

मेलेल्या करडांच्या आया काढल्या. त्यांचा बाप, देव. त्या आयांच्या आया काढल्या, त्यांचा बाप, देव. आता ह्यातला कुठला देव कुठला, कसं कळावं, आन् तो आला कुणाच्या पोटचा? तवा माझं मलाच आठवलं, फुली. म्या ओळी पुसल्याच नव्हत्या, नुसत्या झाकल्या हुत्या. पण त्या उघडायच्या तर प्रोग्रामच बदलायला पायजे, म्हंजे पास्कलच चालायला पायजे. चाललं. निळा पडदा, पिवळी अक्षरं, तीस वर्षांनी. ती एक ओळ शोधली, फुलीवाली दावू नको, ती काढली, कंट्रोल एफ नऊ दाबलं.

मागचे दोन्ही देव चांदीचे निघाले. चांदी म्हंजे आमची सगळ्यात गुणाची शेळी, कळपातल्या निम्म्या शेळ्या तिच्याच. आप्पा देवाला हलकं जनावर कवाच द्यायचे न्हाईत, म्हणून चांगला बोकड बगून सोडायचे, आन् चांगला म्हंजे चांदीचाच. सोडलेला बोकड हिंडून फिरून आपल्याच बहिणींत आन् आपल्याच लेकीत यायचा. आन् शेवटच्या रकान्यात आप्पाचं बोलणं, माझ्याच हातचं, दोन्हीपुढं तेच: चांदीचा हाय, ह्याला आपल्या शेळ्यांत येऊ देऊ नको, माजावर शेळी असली की दुसऱ्या माळाला न्हे. आप्पाला सगळं ठाऊक हुतं. तोंडानं बोलायचे न्हाईत, पण गुपचूप कळप हलवायचे. शेवटी शेवटी त्यांना माणसंबी ओळखू येईनात, मंग कळप कोण हलवणार. आन् ज्या पोरीला त्यांनी सांगून ठेवलं तिनं त्याच्यावर फुली ठेवली आन् विसरून गेली. ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलत न्हाय.

बिरूला बोलावून घेतलं. तो खोलीत आला, चपला भाईर काढून, खुर्चीवर बसंना, उभाच. म्या वाचून दाखवलं. म्हणाला, देवाच्या बोकडाला आपल्या शेळ्या दावायच्या न्हाईत म्हंजे देवाला न्हाय म्हटल्यागत हुईल. म्या म्हटलं, तूच ऐक, हे मी बोलत न्हाय, आप्पा बोलत्यात. परत वाचलं. मंग तो बसला. म्हणाला, असंच म्हणायचे ते, दुसऱ्या माळाला न्हे म्हणायचे. दुसऱ्याच दिवशी त्यानं कळप अणदूरच्या अंगाला मावसभावाच्या रानात नेला, तिथला बोकड निराळ्या रक्ताचा. देवाचा बोकड जळकोटात मजेत हिंडतोय, त्याला कुणी काय म्हटलं न्हाय. करडं कशी हुत्यात ते अजून बगायचंय, वेत लांब हाय, मी आत्ताच काय बोलत न्हाय.

पण त्या दिवशी निघताना बिरू दारात थांबला. म्हणाला, अक्का, त्या शेवटच्या रकान्यात प्रत्येक शेळीपुढं आप्पाचं बोलणं हाय का? म्या म्हटलं हाय की. त्याला इंग्रजी अक्षरं वाचता येत न्हाईत. म्हणाला, मंग वाच की. तवापासनं शनिवारी शाळा सुटली की तो येतो, चपला भाईर काढतो, आन् मी एक एक शेळी वाचते, ही लबाड हाय, हिला कोवळा पाला आवडतो, ही बिरूच्या मागं मागं फिरती. त्या ओळीला तो म्हणाला, परत वाच, आन् म्या परत वाचली. अजून निम्म्याबी झाल्या न्हाईत. हा लॅपटॉप जुन्याला किती वर्षं सांभाळून घील कुणाला ठाऊक, तवर वाचते. देव तुमचंबी भलं करो, आता चहा घ्या, गार व्हायलाय.