नातवंडाच्या नावाचा दान्सोन

हर्मेलिंडा : अरे, हात काय काढून घेतोस? बाप झालास, मिठी तरी मारू दे म्हातारीला.

एफ्राइन : बाई, तुम्ही कोण?

हर्मेलिंडा : हर्मेलिंडा. तुझ्या बापाची नाचातली जोडीदार. दर शनिवारी, याच बागेत. तू एफ्राइन ना? नाक सेम त्याचं. हेल्मेट काखेत मारून गर्दीतून येताना दिसलास, म्हटलं हाच तो. बस ना. माझा गुडघा धरलाय आज, म्हणून तो त्या लेतिसियाबरोबर नाचतोय. दिसला? पांढरी टोपी.

एफ्राइन : दिसला. नाचतोय मस्त.

हर्मेलिंडा : मग नाचेल नाही तर काय? बरं, मुलगा की मुलगी?

एफ्राइन : बाबानं काय सांगितलं तुम्हाला?

हर्मेलिंडा : तेच तर, नीट काही सांगतच नाही. तुझा फोन आला, बाळ झालं, बस. मुलगा की मुलगी विचारलं तर म्हणे बघितल्यावर सांगतो. पण गोड पाव वाटले हां. टोपलं भरून. बँडवाल्यांना, बूट पॉलिशवाल्याला, त्या बुद्धिबळाच्या टेबलावरच्या खडूसालासुद्धा.

एफ्राइन : पाव वाटले.

हर्मेलिंडा : आणि आता पुढचा दान्सोन त्याचा. इथे प्रत्येक नाच कुणाच्या तरी नावानं पुकारतात ना माईकवर, अमक्याला आणि त्याच्याबरोबर असलेल्या सगळ्यांना म्हणून. दुसऱ्यांची नावं ऐकून ऐकून कंटाळला होता बिचारा. आज नातवंडाच्या नावानं. बँडवाल्याला सांगून ठेवलंय त्यानं. तू अगदी वेळेवर आलास.

एफ्राइन : बाई, बाळ गेलं. पोटातच गेलं.

हर्मेलिंडा : काय बोलतोयस?

एफ्राइन : हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून मी फोन केला बाबाला. म्हटलं, मुलगी होती, गेली, तू ये. तर म्हणतो, वा, शाब्बास, नायेलीला जप. आणि ठेवला. फोन स्पीकरवर होता. नायेली, माझी बायको, व्हीलचेअरवर, माझ्या शेजारी.

हर्मेलिंडा : देवा.

एफ्राइन : मी परत केलाच नाही फोन. पुरलं आम्ही तिला. मी, नायेलीची आई आणि खड्डा खणणारा. आज भांडायलाच आलोय. एकातेपेकहून इथपर्यंत मोटारसायकलवर वाक्यं जुळवत आलो. सगळ्यांसमोर विचारणार होतो त्याला, माणूस आहेस का तू.

हर्मेलिंडा : तुला खरंच काही माहीत नाही?

एफ्राइन : काय माहीत नाही?

हर्मेलिंडा : तिकडे बघ. गाणं कुठं आलंय आता?

एफ्राइन : मला नका शिकवू. थांबायची जागा येतेय, बँड वाजत राहणार, पाय थांबणार. आली. थांबले सगळे.

हर्मेलिंडा : सगळे?

एफ्राइन : बायकांनी हातपंखे उघडले. सगळे बँडकडे तोंड करून… बाबा का नाही थांबला?

हर्मेलिंडा : बघ तूच.

एफ्राइन : लहानपणी यावरून मला टपल्या मारायचा तो. थांबायच्या जागी जो नाचतो त्याने सरळ घरी जावं म्हणायचा. आणि आता स्वतःच… ती बाई ओढतेय त्याला. लोक हसतायत.

हर्मेलिंडा : लेतिसियाला माहीत नाही ना. माझ्याबरोबर असला की मी त्याच्या तळहातावर अंगठा दाबते. दाबला की थांब. परत दाबला की चल. अख्ख्या मेक्सिको शहरात कुणाला पत्ता लागला नाही.

एफ्राइन : ऐकू येत नाही त्याला?

हर्मेलिंडा : ढोल जाणवतो थोडासा. बाकी समोरच्याचं तोंड बघून कळतं. फोनवर तोंड कुठं दिसतं रे?

एफ्राइन : मला का नाही सांगितलं?

हर्मेलिंडा : मलाही नाही सांगितलं. मीच ओळखलं. एक शब्द बोललो नाही आम्ही त्यावर. त्याला वाटतं, मी अशीच हात घट्ट धरते.

एफ्राइन : तुम्ही तरी कळवायचं होतं.

हर्मेलिंडा : कळवलं असतं तर तू त्याला उचलून घेऊन गेला असतास. मग त्याचा शनिवार गेला, आणि माझाही.

एफ्राइन : मग आला का नाही तो? एवढा आनंद झाला होता तर?

हर्मेलिंडा : बोलावल्याशिवाय बाळंतिणीकडे जाऊ नये म्हणतो. जेवताना मोबाईल समोर ठेवतो. उजेड लागला की झडप घालतो. थांब, मी सांगते त्याला.

एफ्राइन : नको. मीच सांगतो. परत एकदा.

(बँड थांबतो. फिदेन्सिओ टोपीनं वारा घेत बाकाकडे येतो.)

फिदेन्सिओ : आलास? एकटाच? बाळाला नाही आणलंस? बरोबर आहे, ऊन फार आहे. बूट बघ माझे, चेहरा दिसेल त्यात.

एफ्राइन : बाबा, बस खाली.

फिदेन्सिओ : हो हो, मजेत.

एफ्राइन : बाबा. इकडे. माझ्या तोंडाकडे बघ.

फिदेन्सिओ : बघतोय की. काय झालं?

एफ्राइन : मुलगी होती. गेली. जन्मायच्या आधीच. फोनवर मी तेच सांगत होतो.

फिदेन्सिओ : परत सांग.

एफ्राइन : बाळ गेलं, बाबा.

फिदेन्सिओ : मी काय म्हणालो तुला? फोनवर?

एफ्राइन : जाऊ दे ना.

फिदेन्सिओ : काय म्हणालो?

एफ्राइन : शाब्बास म्हणालास.

फिदेन्सिओ : नायेलीनं ऐकलं?

एफ्राइन : हो.

हर्मेलिंडा : फिदेन्सिओ, माझ्याकडे बघ. बँडवाल्यानं माईक घेतलाय हातात. मी जाऊन नको म्हणून सांगते.

फिदेन्सिओ : थांब जरा. नाव ठेवलं होतं तुम्ही?

एफ्राइन : ओतिलिया.

फिदेन्सिओ : तुझ्या आईचं.

एफ्राइन : नायेलीनंच ठेवलं.

फिदेन्सिओ : हर्मेलिंडा, जा. नको म्हणू नकोस त्याला. नाव तेवढं सांग. पोरीला अजून कुणी हाक मारलेली नाही. एकदा तरी मोठ्यानं मारू दे.

हर्मेलिंडा : जाते.

एफ्राइन : बाबा, मला नाही जमणार नाचायला.

फिदेन्सिओ : मला तरी कुठं जमणारे? नुसता उभा राहा माझ्यासमोर.

एफ्राइन : पुकारलं. हा दान्सोन ओतिलियाला, आणि तिच्याबरोबर असलेल्या सगळ्यांना.

फिदेन्सिओ : कळलं. लोक इकडे बघतायत. हात दे तुझा. असा नाही, तळहात वर. मला ऐकू येत नाही, एफ्राइन. थांबायची जागा आली की अंगठा दाब.