कपाटातलं घड्याळ

केयूर : म्हणून म्हणतो सर, हे लग्न मी मोडतो. जो माणूस जावयाले घड्याळ देतानाच खोटं बोलते, तो पुढं काय करंल?

सर : आधी बस. कोणतं खोटं?

केयूर : हा फोटो पाहा. साक्षगंधाची तारीख ठरवाले काल भैरवीच्या घरी गेलो होतो, कोराडीले. तिच्या बाबांनी दोन घड्याळं समोर ठेवली. दोन्ही स्विस, दोन्ही महाग. म्हणे, एक निवडा. अन् स्वतःच नव्याच्या मागं लागले. ‘जुनं मागं पडते, काचेवर रेघ आहे, नवंच घ्या.’ इतकं काहून?

काकू : नवं नकली असंल.

सर : लतिका.

काकू : मी आपलं म्हटलं. चहा घे गा, केयूर.

सर : नव्याचं बिल आहे?

केयूर : आहे. सीताबर्डीच्या शोरूमचं. आज जाऊन विचारून आलो. अस्सल आहे.

काकू : घ्या. हा तिथंही जाऊन आला.

केयूर : मग जुन्यातच काहीतरी आहे. ते भैरवीच्या भावाचं, सुमंतचं. दुबईले नोकरीवर होता, तिथून आणलं. तो अपघातात गेला, तेव्हापासून तीन वर्षं कपाटात आहे, कोणी हातही लावला नाही, असं बाबा म्हणाले. आई म्हणून राहिल्या होत्या, नवं कायले घेतलं, पोराचंच द्या जावयाले. तर बाबांनी पुन्हा नवंच पुढं सरकवलं.

सर : कपाटातलं घड्याळ मागं पडतं, हे त्यांना कसं कळलं?

केयूर : ...हे मले सुचलंच नाही.

सर : फोटो कधी काढलास?

केयूर : मोबाइलवर वेळ आहे. चार बावन्न.

सर : मोठा कर. जुन्याचे काटे कुठं आहेत? घाई नको, नीट पाहा.

केयूर : चार पन्नास. तारीख बरोबर आहे. अठरा.

सर : डायलवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलंय, यात सेल नसतो. हाताच्या हालचालीवर चालतं. काढून ठेवलं तर किती चालेल?

केयूर : दोनेक दिवस. म्हणजे कोणीतरी घालते. पाहा, खोटंच निघालं ना. कोणाले भाड्यानं देत असतील, नाहीतर...

सर : सातवीतही तू प्रश्न अर्धा वाचूनच उत्तर लिहायचास. घरात कोण कोण आहे?

केयूर : आई, बाबा, भैरवी. बायांच्या मनगटात ते राहणार नाही, लय मोठं आहे.

सर : बाबांच्या हातात काही होतं?

केयूर : काही नाही. फुल बाह्यांचा शर्ट होता, बटणं लावलेली.

काकू : मे महिन्यात? कोराडीत?

केयूर : मीही मनात हसलो. चहा देताना बाही वर सरकली, तर मनगटावर गोरा पट्टा दिसला. रुंद. त्यांनी लगेच बाही खाली ओढली.

(केयूर फोटोतलं जुनं घड्याळ पुन्हा मोठं करून पाहतो.)

केयूर : बाबाच घालतात, हे आईलेही माहीत नसंल?

काकू : माहीत असतं तर तिनं ते देऊन टाका म्हटलं असतं काय गा.

केयूर : पेन्शनीतल्या माणसानं दुसरं स्विस घेतलं, सर. मी म्हटलं, यात डाव आहे.

सर : हं.

केयूर : त्यांनाच फोन लावतो. काय सांगू?

सर : नवं आवडलं म्हणून सांग. तेवढंच.

केयूर : अन् त्यांनी विचारलं, जुनं काहून नको?

सर : नाही विचारणार.