अकराचा मुहूर्त, दोनचा पेपर

मी कांता. माहेर माहं शेलूबाजारच्या जवळचं, सासर हे इंझोरीकडचं, अन् दोन्हीकडं काम एकच, भाजीपाल्याचं, आमी माळ्याच्या घरचे लोक ना भाऊ, मेथीच्या वाफ्यातच लहानाचे मोठे झालो. काय सांगू तुमाले, माह्या बापानं मले शाळा नाही शिकवली पन टाईम शिकवला. कारंज्याच्या बाजारात सकाऊन हर्रास होते, म्हंजे बोली लागते मालावर, त्या हर्रासाच्या आंदी गाठोडं तिथी पोचलंच पायजे. हर्रास झाल्यावर गेलं का तीच मेथी, तोच सांबार, म्हंजे कोथिंबीर, कोनी हात लावत नाही, वापस आना अन् ढोरापुढं टाका. माह्या बापानं कधी ढोरापुढं नाही टाकला माल. मी पन नाही टाकला. आजपर्यंत नाही.

म्हनून मले या लोकाइची किळस येते. खरं सांगते, किळस. फोन लावा, म्हनते निघालोच, अन् मांगून बादलीत पानी पडल्याचा आवाज येऊन राह्यला. बारशाचं बोलावनं दहाचं, बायका येतील एक वाजता, अन् आल्या का म्हनतील, काय वं कांता, झालं का सुरू? झालं का सुरू म्हने! तुह्यासाठी ते लेकरू पाळन्यात उपाशी ठेवलं का आमी? अन् कोनाले लाज नाही, उलट जो टायमावर आला तोच येड्यावानी खुर्च्या मोजत बसते.

माह्या पोरीच्या शाळेत एक साहेब आलते भाषन द्याले. ध्येय ठरवा, टायमाचं नियोजन करा, असं भाषन. पोट्ट्याइले सकाऊनपासून उन्हात बसवलं, दोघी चक्कर येऊन पडल्या, अन् साहेब आले दुपारी, हारतुरे झाले, नारळ झाला, मंग साहेब सांगतात गेलेला टाईम वापस येत नाही. मी शाळेच्या पोषन आहारात वांगे द्याले गेलती, मी मांगं उभी राहून ऐकलं. मनात म्हनलं, बापा, या पोट्ट्याइचा टाईम तूच तं खाल्ला आत्ता. पन माही शीतल, शीतल म्हंजे माही एकुलती एक पोरगी, ती त्या दिवशी घरी आली अन् म्हने, आई, मी ध्येय ठरवलं, मी नर्स होनार. मी म्हनलं, हो. आमच्यात ध्येय म्हनत नाहीत, आमी म्हनतो मनात धरलं. धरलं तं मंग सोडू नोको.

अन् तिनं नाही सोडलं भाऊ. सांजच्याले मी मेथीच्या जुड्या बांधो अन् ती माह्या बाजूले बसून मोठ्यानं वाचे, मले रक्ताचे गट पाठ झाले होते ऐकून ऐकून. तिचा बाप म्हने, शीतलची माय, पोरीले जरा स्वयंपाक शिकव. मी म्हनो, स्वयंपाक काय पळून चालला का? तिचे बाबा मानूस चांगला, पन त्याइले सगळ्याचं जाऊ दे ना वं, जाऊ दे. तं वाशिमले नर्सिंगले गेली, तीन वर्षं होस्टेलात राह्यली, अन् शेवटच्या वर्षी स्थळ आलं.

पोरगा मंगरूळपीरकडचा, नीलेश, बी-बियान्याचं दुकान घरचं. दिसाले चांगला, बोलाले गोड. शीतलशी फोनवर बोले, अन् ती सुटीत घरी असली का फोन घेऊन वावराच्या बांधावर जाये, वापस आली का तोंड लालेलाल. तिले आवडला होता तो, हे मी आत्ताच सांगून ठेवते, म्हंजे कोनी म्हननार नाही का मायनं जबरदस्ती केली, का मायनं मोडलं. लगनाची तारीख निघाली मे महिन्यातली, पत्रिका वाटल्या, मांडववाल्याले सांगतलं, अन् मंग कालेजचं टाईमटेबल बदललं, तिचा शेवटचा पेपर नेमका लगनाच्याच दिवशी, दुपारी दोन वाजता, वाशिमले. तो पेपर गेला का वर्ष गेलं.

आमी गेलो त्याइच्या घरी, म्हनलं तारीख हालवा. पोराचा मामा, तोच त्याइच्या घरचा सगळा कारभारी, तो म्हने, तारीख हालत नसते, पाहुन्याइले सांगून झालं. मंग बोलनं झालं, का मुहूर्त तं अकराचाच हाये, अकराले अक्षता पाडू, बारा वाजता पोरगी गाडीत, दीड तासात वाशिम. नीलेश मले म्हने, आमच्याकडं सासूले मामीच म्हनतात, म्हने मामी, तुमी माह्यावर सोडा, मी सोता घेऊन जातो तिले पेपराले, लगनाच्या कपड्यावरच. मले इतका आनंद झाला ना भाऊ, मी येताना त्या मामाच्या बायकोले दोन किलो वांगे देऊन आली.

लगनाच्या दिवशी माहा मांडव नऊ वाजता तयार. पंगतीच्या पट्ट्या टाकलेल्या, आचाऱ्याची बुंदी झालेली, बामन येऊन बसलेला, शीतल पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून, अन् मांडीवर पेपराची पिशवी. वऱ्हाड आलं, नवरदेव मारोतीच्या देवळात पाया पडाले गेला, अन् तिथून निघाला वाजतगाजत. देवळापासून आमच्या मांडवापर्यंत किती? इथून त्या लिंबाच्या झाडाइतकं. अकरा वाजले तं नवरदेव देवळाच्या पायरीशी. साडेअकरा वाजले तं दोन घरं पुढं. तो डीजे असा का छातीत धडधड व्हाये, भांडे वाजून राह्यले स्वयंपाकघरातले, अन् उन्हात ते सारे पोट्टे शर्ट काढून नाचून राह्यले. मी शीतलच्या बाबाले म्हनलं, जा, सांगा त्याइले. ते म्हने, जाऊ दे ना वं, लगनात असं होतेच.

मंग मीच गेली. नवरीची माय वरातीत जात नसते, मले म्हाईत हाये, पन गेली. नवरदेव घोड्यावर, घोडं बिचारं घामानं थबथबलं. मी खालून वरडली, बापू, अकराचं ठरलं होतं, पोरीचा पेपर हाये. त्यानं माह्याकडं नाही पाह्यलं, आंदी मामाकडं पाह्यलं, मंग मित्राइकडं पाह्यलं, अन् मंग वाकून म्हने, मामी, पाचच मिनिटं, मित्र ऐकून नाही राह्यले. अन् त्या मित्रातल्या एकानं, दारूचा भपकारा येऊन राह्यला होता त्याच्या तोंडाचा, त्यानं माहा हात धरून मले नाचाले ओढलं, अन् दुसऱ्यानं तो डब्यातला पांढरा फेस असते ना, तो माह्या नव्या लुगड्यावर मारला. सारे हासले. मामा बी हासला. नवरदेव बी हासला भाऊ. थोडासाच, पन हासला. मले अशी शिसारी आली, का मी हात झटकून वापस फिरली.

घरात आली. शीतल म्हने, आले का? मी म्हनलं, नाचून राह्यले. ती पिशवीचा बंद बोटाले गुंडाळे अन् सोडे. बारा वाजले. बायका म्हनून राह्यल्या, पेपर काय पुढच्या वर्षी देता येते वं, लगन एकदाच होते. मी त्या बायकाइले म्हनलं, बाहेर निघा. मंग पोरीले इचारलं, पेपराले जातं का? ती म्हने, अन् ते आले तं? मी म्हनलं, आले तं बसतील, तू येईस्तोवर. आपन नाही बसलो का? ती उठली. माहा भाऊ पिकअप घेऊन आलता, भाजीची गाडी, तिच्यात पुढं बसवली तिले, मुंडावळ्या तशाच, अन् मांगच्या गल्लीतून गाडी काढली. सांगते तुमाले, ती गाडी वळली अन् मी दोन पावलं तिच्यामांगं गेली. पन वापस नाही बोलावलं मी.

एक वाजून गेल्यावर आले नाचनारे. डीजे बंद झाला. नवरी कुठी हाये? मी म्हनलं, पेपराले गेली. आचाऱ्याच्या हातातला झारा कढईवर वाजला तं सगळ्याइनं वळून पाह्यलं. मंग सुरू झाले. हा अपमान हाये, आमाले बोलावून नवरी पळवली, अशी पोरगी कोन नांदवते. मी हात जोडले भाऊ, खोटं नाही सांगत, जोडले. म्हनलं, बामनबुवा म्हनतात गोरज मुहूर्त चांगला हाये, सांजचा, तवापर्यंत पोरगी येते, तुमाले सावली हाये, पानी हाये, कूलर लावला हाये, बसा. तुमी नाचले तं आमी बसलो, आता पोरगी पेपर लिहून राह्यली तं तुमी बसा. मामा म्हने, पोरीसाठी थांबाले आमी काय नोकर हावो का?

अन् मंग काय केलं त्याइनं, म्हाईत हाये? जेवले. लगन होत नाही म्हनले, अन् पंगतीत बसले! बुंदी मांगून घेतली. वांग्याची भाजी झनझनीत झाली म्हने. माह्या वावरातले वांगे, मी सकाऊन तोडलेले. दारात आलेल्याले उपाशी कसं पाठवाचं म्हनून मीच वाढलं, फेस लागलेल्या लुगड्यानं. नीलेश बसला होता मित्राइच्या मधात, डोक्यावर फेटा तसाच. मी त्याच्यापाशी वाकली, हळूच म्हनलं, बापू, ते जाऊ द्या, तुमी तं थांबा, शीतल तुमच्या भरोश्यावर हाये. तो ताटाकडं पाहत राह्यला. मंग म्हने, मामी, मठ्ठा हाये का?

मी आनला मठ्ठा. पेला भरून आनला. तो पेला, काय सांगू, अजून डोळ्यापुढून नाही जात.

सांजच्याले शीतल आली तं मांडववाला पडदे सोडून राह्यला होता. तिचे बाबा खुर्चीत बसून रडत होते. ती म्हने, गेले का? मी म्हनलं, गेले. तो बी? म्हनलं, तो बी. मी इचाराच्या आंदी तीच म्हने, पेपर चांगला गेला आई. अन् घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली. मुंडावळ्या मीच सोडल्या तिच्या, निजल्यावर.

मंग गावाचा तमाशा. मायनं पोरीचं वाटोळं केलं म्हने. अन् तिकडं कोनी तरी तिचा पेपर लिहितानाचा फोटो काढला होता, मुंडावळ्यासगट, तो फिरला मोबाईलवर, खाली लिहिलं, ध्येयवेडी नवरी, सलाम हाये या जिद्दीले. ज्या बायका माह्या दारात बोलून गेल्या, पुढच्या वर्षी दे म्हने पेपर, त्याइनंच तो फोटो लावला अन् खाली लाल बदाम. मले आनून दाखवते, पाह्य वं कांता, शीतल फेमस झाली. थू! मी त्याइच्या तोंडावर थुंकली नाही एवढंच.

पास झाली ती. आता कारंज्याच्या एका दवाखान्यात सिस्टर हाये, सकाऊन माह्यासंगच निघते, मी बाजारात, ती ड्युटीवर. स्थळं येतात, पन आंदी इचारतात, ते पेपरावाली का? अन् ती बी काही हो म्हनत नाही. मले वाटे, पोरीचं मन खट्टू झालं असन लगनावरून. मले काय ठाव तिच्या मनात काय.

मंग मांगच्या महिन्यात एका दिवशी घरी आली, हातपाय धुतले, अन् म्हने, आई, आज नीलेश आलता. मी म्हनलं, कुठी? म्हने, दवाखान्यात. एकटाच आत आला आई, मित्र बाहेर मोटरसायकलीवर. मले म्हने, शीतल, माहं चुकलं, मले तुह्याशी बोलाचं हाये. मी म्हनलं, मी ड्युटीवर हावो, सुटी होईस्तोवर तिथी बाकावर बस. तो बसला आई. पेशंटच्या मधात बसला, गुपचूप. मी सलाईन लावू अन् वळून पाहू, लावू अन् पाहू. मंग बाहेरून मित्राइनं हॉर्न वाजवला. एकदा वाजवला तं बसला. दुसऱ्यांदा वाजवला तं उभा राह्यला. मंग माह्याकडं पाहून हातानं असं केलं, पाच मिनिटं, अन् गेला.

मी म्हनलं, मंग आला का वापस?

ती म्हने, नाही. अन् पोळीचा तुकडा मोडत म्हने, बसला असता ना आई, तं मी गेली असती त्याच्यासंग.

माही पोरगी, इतकं झाल्यावर बी त्याच्यासाठी दरवाज्याकडं पाहत होती, अन् त्या पोराले एक बाक नाही धरवला. मले त्याचा राग बी नाही येत आता, नुसती किळस येते. देव त्याचं भलं करो, बायको भेटो, लेकरंबाळं होवोत, अन् ते मित्र राहोत त्याच्याजवळ जल्मभर. मी तिच्या ताटात भाजी वाढली अन् म्हनलं, जेव माय, सकाऊन लवकर निघाचं हाये.